शार्वरी संवत्सरातील गुढी

चैत्र शुद्ध प्रतिपदेला सूर्योदयी गुढी उभारावी, तिची यथासांग पूजा करावी, कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, हिंग व मीठ घालून वाटून प्रसाद म्हणून घ्यावीत आणि मग घरातील वडीलधाऱ्याने नव्या पंचांगाचे पूजन करून संवत्सरफल मोठ्याने वाचावे, असा आपल्या घराघरांतील परिपाठ आहे. संवत्सरे एकूण साठ. प्रभवापासून क्षयापर्यंत ती क्रमाने येतात आणि साठ वर्षांनी हे चक्र पुन्हा आरंभी येते. वाईच्या आमच्या घरी संवत्सरफल वाचण्याचा मान पूर्वी माझ्या वडिलांकडे होता. ते गेल्यानंतर तो माझ्याकडे आला. ऐकणारी मुख्य श्रोती मात्र दोन्ही काळी एकच, ती म्हणजे माझी आई.

शके १९४१ च्या संवत्सराचे नाव होते ‘विकारी’. त्या संवत्सराच्या उत्तरार्धात चीनमधील वुहान शहरी एक नवा विकार उद्भवला, आणि ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती साथ जगद्व्यापी असल्याचे घोषित केले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, बुधवार दिनांक २५ मार्च रोजी, शके १९४२ चा पाडवा उजाडला. या नव्या संवत्सराचे नाव होते ‘शार्वरी’. शर्वरी म्हणजे रात्र. संवत्सरांच्या नावांवरून भाकिते करण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा या लेखाचा हेतूही नाही. परंतु ज्या पाडव्याला आपला सारा देश घराची दारे लावून बसला होता, त्या पाडव्याला हे नाव वाचताना माझा आवाज क्षणभर अडखळला, हे मात्र खरे. कारण त्या रात्री माझी एकुलती एक कन्या घरापासून हजारो मैलांवर, एका वसतिगृहाच्या खोलीत अडकून पडली होती.

परतीची वाट बंद झाली

सप्टेंबर २०१९ मध्ये ती एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी इंग्लंडला गेली. मध्य इंग्लंडातील कव्हेंट्री हे तिचे गाव. दुसऱ्या महायुद्धात, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, जर्मन विमानांनी या गावावर बाँबवर्षाव केला आणि तेथील पुरातन कॅथीड्रल जळून गेले. त्याच्या उघड्या भिंती स्मारक म्हणून आजही जपून ठेवल्या आहेत. आईला हे सारे ती दर रविवारी भ्रमणध्वनीवर सांगत असे, आणि आई ते शेजारणींना सांगत असे.

मार्चच्या मध्यावर तिचे वर्ग बंद झाले. उरलेले शिक्षण संगणकावरून होणार असे कळल्यावर आम्ही तिचे २१ मार्चचे तिकीट काढले. पण ब्रिटन व युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना १८ मार्चपासूनच भारतात प्रवेश बंद झाला, आणि २२ मार्चपासून तर कोणत्याही देशातून प्रवासी विमान येईनासे झाले. २३ मार्चच्या रात्री ब्रिटनच्या पंतप्रधानांनी तेथील टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता आपल्या पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून देशभरातील टाळेबंदी घोषित केली. तेव्हा आमच्या घरी पाडव्याच्या साखरेच्या गाठी आणून ठेवलेल्या होत्या, वेळूची काठी धुऊन अंगणात टेकवलेली होती, आणि आई देवापुढे बसून होती. घोषणा ऐकून तिने एकच विचारले, “म्हणजे पोर आता येत नाही?”

या निर्णयात कोणाचा दोष होता असे मी म्हणणार नाही. रोग प्रवाशांबरोबर प्रवास करीत होता. दारे लावणे प्राप्तच होते. परंतु दार लावताना आपलेच लेकरू बाहेर राहिले, तर आतल्या माणसाला झोप कशी लागावी?

कव्हेंट्रीच्या खिडकीतील पाडवा

तिच्या वसतिगृहात एका स्वयंपाकघराभोवती सहा खोल्या होत्या. त्यांपैकी चौघीजणी मिळेल त्या वाहनाने आपापल्या घरी निघून गेल्या. मागे राहिल्या दोघी, आमची कन्या आणि नायजेरियाची एक विद्यार्थिनी. परदेशी विद्यार्थ्यांना आठवड्यास वीस तास काम करण्याची मुभा होती, म्हणून ती एका उपाहारगृहात काम करीत असे; ते बंद झाले आणि वरखर्चाचे पैसे थांबले. दुकानांतील तांदूळ व पीठ लोकांनी भराभर उचलून नेले होते. दिवसातून एकदा व्यायामापुरते बाहेर पडण्यास परवानगी होती. एरवी खोली, स्वयंपाकघर आणि खिडकी एवढेच तिचे जग.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आईने तिला विचारले, “उद्या गुढीचे काय करणार?” पोर म्हणाली, “आजी, इथे काठी नाही, गाठी नाहीत, कडुनिंब नाही. यंदा राहू दे.” आई म्हणाली, “तांदळाची पिशवी उघडून बघ.”

निघताना सामानात पाच किलो आंबेमोहोर होता. तो जपून, केवळ सणावारी शिजवण्यासाठी ठेवलेला. त्याला कीड लागू नये म्हणून आईने त्यात जुन्या रीतीप्रमाणे कडुनिंबाची वाळलेली पाने घालून दिली होती. पिशवीच्या तळाशी हात घालताच ती पाने हाताला लागली. पोर नंतर सांगत होती की त्या क्षणी तिला प्रथम रडू आले आणि मग हसू आले.

काठीची व्यवस्था अनपेक्षितपणे झाली. वसतिगृहाची देखभाल करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. इंग्लंडात बागेतील वेलींना आधार देण्यासाठी वेळूच्या बारीक काठ्या लावतात. त्यांतील एक त्यांनी आणून दरवाजाबाहेर टेकवून ठेवली आणि सहा फुटांवर उभे राहून, ही कशासाठी हवी आहे, ते विचारले. “आमच्या नव्या वर्षाचे निशाण उभारायचे आहे,” असे तिने सांगितले. “मग ते नीट उंच उभारा,” असे म्हणून ते गेले. रेशमी ओढणी हे वस्त्र, पोलादी पेला हा तांब्या. साखरेचे चौकोनी खडे कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधले, ती गाठी झाली. मार्चअखेरीस तिकडे पिवळी डॅफोडिलची फुले रस्त्याकडेला फुलतात; झेंडूच्या जागी ती आली.

कव्हेंट्रीत सूर्य उगवतो तेव्हा आमच्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. आमची गुढी केव्हाच उभारून झाली होती. आईने मात्र प्रसाद घेतला नव्हता. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खिडकीबाहेर काढलेली ती काठी, तिच्यावरचा उपडा पेला आणि वाऱ्यावर हलणारी ओढणी दिसली, तेव्हा आईने हात जोडले आणि कडुनिंबाची गोळी तोंडात टाकली.

मग मी संवत्सरफल वाचले. पोरीने विचारले, “बाबा, शार्वरी म्हणजे काय?” मला उत्तर देववेना. मी काहीतरी पुढचे वाचू लागलो, तोच आई म्हणाली, “शर्वरी म्हणजे रात्र गं. रात्र काय आपण पहिल्यांदा बघतो? रात्री दिवा लावायचा, देवाचे नाव घ्यायचे आणि पडून राहायचे. उजाडायचे तेव्हा उजाडते.”

गुढी सूर्यास्ती उतरवायची असते. तिकडचा सूर्यास्त म्हणजे आमची मध्यरात्र. मी म्हणालो, “आई, तू आता नीज.” चौऱ्याऐंशी वर्षांची ती म्हातारी भिंतीला टेकून बसून राहिली. म्हणाली, “तिची गुढी उतरल्याशिवाय माझा पाडवा संपत नाही.” मध्यरात्री पोरीने गुढीला साखरेचा नैवेद्य दाखवून ती उतरवली, आणि मगच आईने अंथरुणाला पाठ टेकली.

वाटेकडे लागलेले डोळे

पुढचे दिवस एकसारखे गेले. रामनवमी घरातच झाली, हनुमान जयंतीही. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता देशभर दिवे लागले तेव्हा कव्हेंट्रीत दुपारचे साडेचार वाजले होते. तरीही पोरीने लख्ख उन्हात पणती लावली. कोठल्यातरी गुरुद्वारातून लंगरचे जेवण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांपर्यंत येऊ लागले, आणि वरण-भाताची चिंता काही अंशी मिटली. १२ एप्रिलला ईस्टर आला. चर्चची दारे बंद होती. स्वयंपाकघरात एकटीच प्रार्थना करीत बसलेल्या त्या नायजेरियन मुलीसाठी आमच्या कन्येने शिरा केला. आपला सण एकट्याने करावा लागणे म्हणजे काय, हे तिला आता कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता उरली नव्हती.

रोजच्या फेरफटक्यात ती त्या जळालेल्या कॅथीड्रलवरून जात असे. बाँबवर्षावाच्या दुसऱ्या सकाळी पडलेल्या छपराच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या आढळल्या. त्या बांधून लोकांनी तेथे क्रूस उभा केला, ही तेथील आठवण तिने एकदा सांगितली. “बाबा, सगळे जळून गेल्यावर माणसे पहिल्यांदा काहीतरी उभे करतात,” असे ती म्हणाली. मला त्यावर काही बोलता आले नाही.

आम्ही मात्र रोज वर्तमानपत्रात एकच बातमी शोधत होतो. १३ एप्रिल रोजी परदेशी अडकलेल्यांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या, तेव्हा त्यांनी तूर्त जेथे आहेत तेथेच राहावे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्या दिवशी आईने दुपारचे जेवण टाकले. तिला कोणताही रोग नव्हता. वय झाले होते, आणि डोळे वाटेकडे लागले होते.

चैत्र वद्य एकादशीला, १८ एप्रिल रोजी पहाटे, आई गेली. एकादशीचे मरण भाग्याचे म्हणतात. तिला ते लाभले. अंत्ययात्रेला वीसच माणसांची मर्यादा होती. आम्ही तर त्याहूनही थोडे होतो. लेकीने आजीचे अंत्यदर्शन हाताएवढ्या पडद्यावर घेतले. तिच्या हाती तुळशीपत्र नव्हते. तिला गंगाजल देता आले नाही. हंबरडा फोडावा तर जवळ घेणारे कोणी नाही, असे मला वाटत होते. पण ती नायजेरियन मुलगी रात्रभर तिचा हात धरून बसली होती, असे मागाहून कळले. ज्या भाषेत ती सांत्वन करीत होती ती आम्हाला समजत नाही, पण ते सांत्वन आमच्या घरापर्यंत पोहोचले.

पोरीने विचारले, “बाबा, मी इथे सुतक पाळायचे का?” मी आमच्या गुरुजींना दूरध्वनी केला. ते म्हणाले, “देशांतरी असलेल्याला दहा दिवसांच्या आत वार्ता कळली, तर उरलेले दिवस पाळावेत, असे शास्त्र आहे. तिला तर तत्काळ कळले. तेव्हा पूर्ण दहा दिवस. देवपूजा करू नये. पण तिला सांगा, नामस्मरणाला सुतक नाही.” या शेवटच्या वाक्याने त्या पोरीला किती आधार दिला, ते मी जाणतो. दहा दिवस ती सकाळी स्नान करून खिडकीशी बसे आणि आजीने शिकवलेले नाम घेई. अक्षय्य तृतीया त्याच सुतकात आली आणि गेली.

कृष्णेच्या घाटावर

दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर आम्ही पाचच जण होतो. तोंडाला पट्ट्या बांधलेल्या, गुरुजी अंतरावर बसलेले. एरवी गजबजलेल्या घाटावर पाण्याचा आवाज तेवढा येत होता. विधी आटोपून पिंड ठेवले. समोरच्या पिंपळावर कावळे होते; पण एकही खाली येईना.

अशा वेळी काय करतात ते वाचकांना सांगावयास नको. जिवाची इच्छा कशात अडकली आहे, ते ओळखून वचन द्यावे लागते. मी म्हणालो, “तुझ्या एकादश्या घरात चालू राहतील.” कावळा आला नाही. धाकटा भाऊ म्हणाला, “तुझा देवापुढचा दिवा विझू देणार नाही.” कावळा आला नाही. पाऊण तास गेला. ऊन चढले. मग मला कळले. खरे तर ते पहिल्यापासून कळले होते, पण मी जे पाळू शकेन की नाही याची मलाच खात्री नव्हती, ते वचन देण्याचे धैर्य होत नव्हते. विमाने बंद होती. दिवस कोणी सांगू शकत नव्हते. तिकडे रोज शेकड्यांनी माणसे मरत होती. शेवटी मी हात जोडून म्हणालो, “आई, पोरीची काळजी करू नकोस. तिला सुखरूप घरी आणीन.”

पिंडाला कावळा शिवला.

कोणी याला योगायोग म्हणतील. त्यांच्याशी वाद घालण्याची मला इच्छा नाही. मला एवढेच ठाऊक आहे की त्या क्षणापर्यंत लेकीचे परतणे ही माझी चिंता होती; त्या क्षणापासून ते माझे व्रत झाले. चिंता करणारा माणूस बसून राहतो, व्रत घेतलेला माणूस उठून कामाला लागतो. त्याच संध्याकाळी मी पोरीला बरोबर घेऊन, म्हणजे दूरध्वनीवरच, कागदपत्रे जमवावयास बसलो.

घरचा उंबरठा

७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेखाली परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणण्यास आरंभ झाला. पहिली विमाने आखातातून केरळात आली. १० मेच्या पहाटे लंडनहून पहिले विमान मुंबईस पोहोचले. नाव नोंदवावे, आपली निकड कळवावी आणि बोलावण्याची वाट पाहावी, अशी पद्धत होती. आजारी, गर्भवती, वृद्ध, आश्रय संपलेले विद्यार्थी, प्रत्येकाची निकड खरीच. लंडन ते मुंबई तिकिटाचे पन्नास हजार रुपये पडत. पोरीला दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा, जून महिन्यात, तिचे नाव लागले.

मुंबईत सात दिवस हॉटेलात अलग राहून ती वाईला आली, आणि आणखी सात दिवस माडीवरच्या खोलीत राहिली. जेवणाचे ताट मी पायरीवर ठेवीत असे. आठव्या दिवशी ती खाली उतरली. आधी माजघरात गेली आणि आजीच्या रिकाम्या पाटासमोर बसली. तिच्या पिशवीतून तिने दोन वस्तू काढल्या. एक तो पोलादी पेला. दुसरी म्हणजे कागदाच्या पुडीत जपून आणलेली कडुनिंबाची उरलेली पाने. तांदूळ संपला होता, पाने शिल्लक होती. त्या पानांवर हात फिरवीत ती बराच वेळ बसून राहिली. माझे वचन पूर्ण झाले होते. ज्यांचे होऊ शकले नाही, अशी कितीतरी घरे त्या वर्षी होती, याची जाणीव मला तेव्हाही होती आणि आजही आहे.

शके १९४३ चा पाडवा १३ एप्रिल २०२१ रोजी आला. आईला वर्ष व्हावयाचे होते, म्हणून घरी सण नव्हता. शेजारणीने श्रीखंड आणून दिले. साथीची दुसरी लाट तेव्हा भरात होती, आणि त्याच संध्याकाळी राज्यात नवे कडक निर्बंध जाहीर झाले. संवत्सराचे नाव होते ‘प्लव’. प्लव म्हणजे तराफा, होडी. रात्रीनंतर एकदम उजाडले नाही. आधी पूर आला, आणि हाती तराफा तेवढा होता. लस टोचून घेण्यासाठी रांगेत उभे असताना हा अर्थ मला अनेकदा आठवला.

त्यापुढचे संवत्सर ‘शुभकृत्’. २ एप्रिल २०२२ च्या त्या पाडव्याला महाराष्ट्रातील साथीचे सारे निर्बंध उठले आणि दोन वर्षांनी गावोगाव पुन्हा शोभायात्रा निघाल्या. आमच्या अंगणात पुन्हा गुढी उभी राहिली. पुण्यास नोकरी करणारी पोर आदल्या रात्रीच आली होती. तांब्या घासून पुसून ठेवलेला होता, तिने विचारले, “बाबा, यंदा माझा पेला चालेल?” आमच्या घरची गुढी तेव्हापासून त्या पोलादी पेल्याचीच असते.

चौदा वर्षांचा वनवास संपवून प्रभू रामचंद्र अयोध्येस परतले, तेव्हा प्रजाजनांनी घरोघरी गुढ्यातोरणे उभारली, असे आपण परंपरेने सांगत आलो. आपण त्यातला विजय लक्षात ठेवला. पण ती गुढी आधी स्वागताची होती, हे आपल्याला विसरून चालणार नाही. दुरून येणाऱ्याला आपले घर ओळखू यावे, कोणीतरी आपली वाट पाहत आहे हे लांबून दिसावे, म्हणून ती उंच उभारायची. आई त्या मध्यरात्रीपर्यंत का जागली, ते मला आता समजते.

वाचकहो, यंदाच्या पाडव्याला आपण गुढी उभारू, तेव्हा घरापासून दूर असलेल्यांचे स्मरण करू, आणि ज्यांना परतता आले नाही त्यांचेही. एवढ्यावर न थांबता आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. आपल्या गावात, आपल्या गल्लीत, कोठूनतरी शिकावयास आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी खोली घेऊन राहत असेल. त्याची भाषा वेगळी असेल, सण वेगळा असेल. त्याला पाडव्याला जेवावयास बोलवावे. आमच्या लेकीला वेळूची काठी देणारा माणूस आमच्या धर्माचा नव्हता, लंगर पाठवणारे आमच्या ओळखीचे नव्हते, रात्रभर हात धरून बसणारी आमच्या देशाची नव्हती. त्यांचे ऋण त्यांना फेडता येणार नाही. ते येथेच, आपल्या उंबरठ्यावर आलेल्या कोणा परक्या लेकराला पाट मांडून फेडावे लागेल.

नूतन संवत्सर सर्वांना सुखाचे जावो, आणि दूर गेलेले प्रत्येक पाऊल सुखरूप घरी परतो.